मनूचे लोखंड आणि त्वष्ट्याचे कांसे

विश्वकर्म्याच्या पाच पुत्रांची नावे आपल्या पांचाळ ज्ञातीतील मुलांच्या कानांवर लहानपणापासूनच पडत असतात. मनू लोखंडाचा, मय लाकडाचा, त्वष्टा तांब्या-कांशाचा, शिल्पी पाषाणाचा आणि विश्वज्ञ सोन्याचा, अशी ही वाटणी आहे. पाचही भावांच्या भट्ट्या निराळ्या, हत्यारे निराळी आणि हाताचे वळणही निराळे. तथापि गेल्या काही शतकांत एक वस्तू अशी घडत आली, की जिच्या बोटभर जागेत मनू आणि त्वष्टा या दोघांस एकत्र नांदावे लागले. ती वस्तू म्हणजे इंजिनातील जोडदांडा. कारखान्यात त्यास आपण ‘कनेक्टिंग रॉड’ म्हणतो. बोटभर जागा म्हणजे त्याचे धाकटे टोक. तेथे पोलादी दांड्यात कांशाचे बुश बसते आणि बुशात दट्ट्याची पिन, म्हणजे आपली ‘गजन पिन’, फिरते. स्मरणिकेच्या संपादकमंडळाने धंद्याच्या इतिहासावर काही लिहावे अशी आज्ञा केली, तेव्हा देवालये, ताम्रपट, तोफा अशा भव्य विषयांवर अधिकारी मंडळी लिहितीलच, असे मनाशी म्हणून मी हा लहानसा विषय पुढे ओढला.

ज्या भगिनींनी किंवा बालकांनी उघडलेले इंजिन पाहिले नसेल, त्यांनी घरातील शिवणयंत्राकडे पाहावे. पायटा पायाखाली वरखाली हलतो आणि चाक मात्र गोल फिरते. या दोन गतींची सोयरीक जमविणारी जी उभी कांब पायट्यापासून चाकापर्यंत गेलेली असते, तीच या लेखाची नायिका. इंजिनात पायट्याच्या जागी दट्ट्या असतो व चाकाच्या जागी क्रँक. दांड्याचे मोठे टोक क्रँकला आणि धाकटे टोक पिनेने दट्ट्याला जोडलेले असते.

ही युक्ती कोणा एका साहेबाच्या डोक्यातून निघाली असा अनेकांचा समज आहे, तो बरोबर नाही. आजच्या तुर्कस्तानातील हिएरापोलिस या प्राचीन नगरात इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील एका दगडी शवपेटीवर पाणचक्कीने चालणारी दगड कापण्याची करवत कोरलेली आहे. तीत क्रँक आणि जोडदांडा दोन्ही आहेत. १२०६ साली अल-जझरी या यंत्रकाराने आपल्या ग्रंथात पाणी उपसण्याच्या पंपासाठी हीच योजना वर्णिली. पुढे इंग्लंडात १७१२ साली न्यूकोमेनने वाफेचे इंजिन उभे केले, परंतु ते खाणीतील पाणी उपसण्यापुरते होते. त्याची तुळई साखळीने ओढली जाई, दांड्याला कामच नव्हते. वरखाली हालणाऱ्या तुळईने चाक फिरवावे असे कारखानदारांच्या मनात येऊ लागले, तेव्हाच दांड्याचे दिवस उजाडले.

येथे एक गमतीची गोष्ट घडली. १७८० साली बर्मिंगहॅमच्या जेम्स पिकार्डने वाफेच्या इंजिनाला क्रँक लावण्याचे पेटंट घेतले. आपल्या कारखान्यातील एका कारागिराने ही कल्पना बाहेर बोलून दाखविली, अशी जेम्स वॉटची खात्री होती. पेटंटाशी झगडत बसण्यापेक्षा त्याने १७८१ मध्ये दोन दातेरी चाकांची निराळी युक्ती काढली आणि पिकार्डची मुदत १७९४ मध्ये संपेपर्यंत तिच्यावरच काम भागविले. आपल्या आज्या-पणज्या ज्या रहाटाला मूठ धरून फिरवीत होत्या ती मूठ म्हणजे क्रँकच. तिच्यावर कोणी हक्क सांगावा आणि वॉटसारख्याने तो मुकाट्याने मानावा, याचे मला राहून राहून हसू येते.

त्या काळी बसवणी म्हणजे काय प्रकार होता, हे पाहण्यासारखे आहे. १७७५ च्या सुमारास विल्किन्सन या लोखंडाच्या कारखानदाराने वॉटसाठी सिलिंडर भोकून दिले. वॉटचा भागीदार बोल्टन याने मोठ्या अभिमानाने लिहून ठेवले आहे, की ५० इंच व्यासाच्या सिलिंडरात जुन्या शिलिंगाच्या जाडीइतकीही चूक नाही. नाण्याची जाडी हे त्या वेळी अचूकतेचे माप होते! अशा इंजिनांचे दांडे सावकाश हालत. सांध्यात पितळी अर्धगोल बसवीत आणि ढिलेपणा आला की पाचर ठोकून तो काढीत. आगगाडीच्या इंजिनांतही हीच पाचर पुष्कळ काळ टिकली. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली तेव्हा तिच्या चाकांना फिरविणारे दांडेही याच जातीचे होते. पुढे मुंबईच्या रेल्वे कारखान्यांतून आपल्यापैकी कित्येक घरांतील कर्ते पुरुष फिटर आणि लोहार म्हणून शिरले. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, त्यांनीही १९३० नंतरच्या दशकात परळच्या कारखान्यात उमेदवारी केली. पाचर किती ठोकावी हे ते हातोड्याच्या आवाजावरून ओळखीत.

दांड्याच्या मोठ्या टोकाचा इतिहास १८३९ साली पालटला. अमेरिकेतील आयझॅक बॅबिट याने कथील, अँटिमनी आणि तांबे यांच्या मिश्रणाचे, आपण ज्याला ‘व्हाइट मेटल’ म्हणतो त्या मऊ धातूचे अस्तर बेअरिंगला देण्याचे पेटंट घेतले. हा धातू दांड्यातच ओतावा, थंड झाल्यावर भोकून घ्यावा, क्रँकवर निळा रंग चोपडून दांडा फिरवावा आणि जेथे निळे डाग उठतील तेथे स्क्रेपरने खरवडावे. डाग सर्वत्र सारखे उठेपर्यंत हे काम चालावयाचे. चार दांड्यांना दोन दिवस सहज जात. फोर्डची ‘मॉडेल टी’ मोटार १९०८ पासून १९२७ पर्यंत दीड कोटींवर निघाली. तिच्या दांड्यांतही हा धातू ओतलेलाच असे. पुढे तयार पातळ कवचांची बेअरिंगे आली आणि स्क्रेपर पेटीच्या तळाशी गेला. त्याबद्दल हळहळ व्यक्त करणारे वृद्ध मला भेटतात, पण मी त्यांच्यातला नव्हे. खरवडून खरवडून माझी मनगटे दुखलेली आहेत.

धाकट्या टोकाची कथा मात्र अधिक गुंतागुंतीची, आणि तिच्यातच खरी मेख आहे. पिन कोठे घट्ट असावी आणि कोठे मोकळी, या एका प्रश्नावर यंत्रकारांनी शंभर वर्षे मते बदलली. सुरुवातीच्या काही इंजिनांत पिन दट्ट्यातच स्क्रूने पक्की करीत आणि दांड्यातील कांशाच्या बुशात ती हाले. स्क्रू सैल पडला की पिन सरके आणि सिलिंडरच्या भिंतीवर नांगर चालविल्यासारखे चर पाडी. ‘मॉडेल टी’ने उलट केले: दांड्याचे धाकटे टोक चिरून ते बोल्टने पिनेवर आवळले आणि बुशे दट्ट्यात बसविली. १९३२ सालच्या फोर्डच्या आठ-सिलिंडरी इंजिनात पिन दोन्हीकडे मोकळी होती. दांड्यात कांसे, दट्ट्यात मोकळा बसाव, आणि पिन बाहेर सरकू नये म्हणून दोन टोकांस तारेच्या कड्या. शेव्हरोलेने १९५५ साली काढलेल्या नव्या आठ-सिलिंडरी इंजिनात बुशही नाही, बोल्टही नाही, कडीही नाही. दांड्याचे भोक पिनेपेक्षा सुमारे एक सहस्रांश इंच लहान ठेवून पिन त्यात दाबून बसविली, की ती कायमची बसली. यात त्वष्ट्याचे कांसे कायमचे हद्दपार झाले. खर्च वाचला, हे उघड आहे. पण दुरुस्तीच्या वेळी ती पिन काढताना दट्ट्या पुष्कळदा हकनाक जातो, हेही तितकेच उघड आहे.

एकाच घराण्यात हे तिन्ही मतप्रवाह पाहावयाचे असतील तर इंग्लंडातील बीएमसी कंपनीचे इंजिन पाहावे. आपल्याकडील अँबॅसिडर गाडीत जे १४८९ घनसेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन होते, त्यात पिन दांड्यात बोल्टने आवळलेली असे. त्याच घराण्यातील एमजीबी गाडीच्या इंजिनाने १९६२ मध्ये आवळलेल्या पिनेने आरंभ केला, १९६४ मध्ये कांशाचे बुश व मोकळी पिन घेतली आणि पुढे दाबून बसविलेल्या पिनेवर येऊन ते थांबले. म्हणून जो मिस्त्री ‘बी-टाइपचा दांडा आणा’ एवढेच सांगून मुलाला दुकानात पाठवितो, त्याच्या हाती कोणता दांडा पडेल याचा नेम नाही.

आपल्या भागातील कारखान्यांनी ज्या इंजिनावर हात बसविला ते इंजिन जीपचे. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांवर जीपगाड्या बांधल्या. युद्ध संपल्यावर लष्कराने काढलेल्या गाड्या लिलावात निघाल्या, आणि चाळिशीच्या अखेरीस मुंबईत महिंद्रांनी जीपची जुळणी सुरू केली. हे इंजिन मुळात मोटारीचे, ४८ अश्वशक्तीचे. बार्नी रूस या अभियंत्याने १९३८ नंतर त्याची मापे काटेकोर करून ते ६० अश्वशक्तीपर्यंत चढविले. मिनिटाला ४००० फेरे हा त्याचा वरचा वेग. त्या वेगात प्रत्येक दट्ट्या मिनिटाला ८००० वेळा थांबतो आणि उलट वळतो. पिनेसह दट्ट्याचे वजन अर्धा किलो धरले, तर वरच्या टोकाला वळताना तो दांड्याला सहाशे किलोंच्या आसपास जोराने वर खेचतो. वेग दुप्पट झाला तर ही ओढ चौपट होते. दांडा पुष्कळदा स्फोटाच्या दाबाने नव्हे तर या ओढीने तुटतो, आणि प्रथम तुटतात ते बहुधा त्याचे बोल्ट. पाचर ठोकणाऱ्या पिढीला ही ओढ ठाऊक नव्हती, कारण त्यांच्या इंजिनांना तेवढा वेगच नव्हता.

अण्णा १९४८ मध्ये परळ सोडून वाईस आले आणि त्यांनी पत्र्याच्या छपराखाली इंजिने उतरविण्याचे काम सुरू केले. जुना दांडा ठेवावा की टाकावा, हे ठरविताना त्यांना दिवस दिवस लागे. दांडा दोरीने टांगून ते त्यावर लहान हातोडीने टिचकी मारीत; घंटेसारखा स्वच्छ आवाज उठला तर पुढची परीक्षा, भद्द उठला तर तो भंगारात. मग दांडा रॉकेलमध्ये भिजवून, कोरडा पुसून त्यावर खडू चोळीत. जेथे चीर असेल तेथे आत मुरलेले रॉकेल पाझरून पांढऱ्यावर काळसर रेघ उठे. चारही दांडे तराजूत घालून त्यांची वजने जुळवीत. प्रत्येक दांड्याची टोपी त्याच दांड्याबरोबर भोकलेली असते, म्हणून टोपी आणि दांडा ते उघडल्याबरोबर तारेने एकत्र बांधून ठेवीत. एकाची टोपी दुसऱ्यास लावणाऱ्या उमेदवाराचा त्या दिवशीचा चहा बंद होत असे. जीपच्या दांड्याचे मोठे टोक मध्यापासून किंचित एका अंगास सरकलेले असते. ते अंग जवळच्या मुख्य बेअरिंगच्या विरुद्ध बाजूस राहिले पाहिजे, हे आम्हां मुलांकडून ते पाढ्यासारखे म्हणवून घेत.

वाकलेल्या दांड्याची ओळख मात्र दांड्यावर नव्हे, दट्ट्यावर पटते. दट्ट्याच्या अंगावरील घासल्याची खूण सरळ न राहता तिरपी गेली असेल, तर दांडा पिळलेला किंवा वाकलेला आहे. किंचित वाक ते सरळ करीत. परंतु सिलिंडरात पाणी शिरून वाकलेला दांडा त्यांनी कधी सरळ केला नाही. १९६८ मध्ये एका ट्रकमालकाने असा दांडा सरळ करून बसविण्याचा आग्रह धरला. अण्णांनी नकार दिला. मालकाने इंजिन दुसरीकडे नेले आणि त्याबरोबर आमचे वर्षाचे काम गेले. त्या वर्षी दिवाळीस घरात नवे कापड आले नाही, एवढे मला स्मरते. आई काही बोलली नाही, पण ती अण्णांशी चार दिवस तुटक वागत होती.

आता माझी चूक सांगतो. १९७३ च्या मे महिन्यात अण्णा एका लग्नासाठी परगावी गेले असता पाचगणीच्या एका गृहस्थांची जीप आली. नवे दट्टे, नव्या पिना. रिमर फिरवून पिना बसवावयाच्या. जीपची पिन दांड्यात बोल्टने आवळलेली असते, तेव्हा ती फिरते ती केवळ दट्ट्याच्या भोकात. बसाव किती असावा? ‘अंगठ्याने रेटली असता जाईल इतका’ हा आमच्या सर्व कारखान्यांचा मंत्र. दुपारी दोन वाजता, तापलेल्या पत्र्याखाली, मी रिमरचा एकेक फेरा देत अंगठ्याने पिन रेटून पाहिली आणि चारही दट्टे मनासारखे बसविले. जीप गेली. पावसाळाभर ती फारशी चाललीच नाही. डिसेंबरात निरोप आला, की पहाटे इंजिन सुरू करताना खडखडते आणि आता तर अडकलेच आहे.

इंजिन उघडले तेव्हा दोन दट्ट्यांवर पिनेच्या भोकांच्या दोन्ही अंगांस घासल्याचे ठसे होते. अण्णांनी दट्ट्या दांड्यापासून सोडविला, पिन पुसून पुन्हा त्यात अर्धी सरकविली आणि दट्ट्या रात्रभर ओट्यावर ठेवून दिला. सूर्योदयापूर्वी मला उठवून म्हणाले, “रेट अंगठ्याने.” पिन हलली नाही. त्यांनी तो दट्ट्या उन्हात ठेवला आणि आपण आंघोळ-पूजेस गेले. बाराच्या सुमारास पुन्हा बोलाविले. पिन अंगठ्याने सहज आत गेली.

मग त्यांनी कपाटातून दुरुस्तीचे इंग्रजी पुस्तक काढले. त्यात अंगठा होता. हलक्या अंगठ्याच्या दाबाने, असे साहेबांनीही छापले होते. मात्र त्यापुढे एक अट होती, ती आमच्या कारखान्यांच्या मंत्रातून गळून पडली होती: ७० अंश फॅरनहाइट उष्णतेस. दट्ट्या अॅल्युमिनियमचा आणि पिन पोलादाची. उष्णतेने अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. एक इंच व्यासाच्या पिनेचा हिशेब केला तर ७० अंशांवरून १०५ अंशांवर जाताना बसाव इंचाच्या सुमारे दोन दहा-हजारांश भागांनी सैल होतो, आणि पाचगणीच्या पहाटेच्या ५० अंशांवर तो ७० अंशांपेक्षाही एका दहा-हजारांशाने आवळतो. जीपची पिन इंचाहून बारीक असली तरी हिशेब याच घरातला. डोक्याच्या एका केसाचे पंचवीस-तीस भाग केले तर एक भाग म्हणजे हा दहा-हजारांश. परंतु असा बसाव मुळातच एकापासून आठ-नऊ दहा-हजारांशांपर्यंतचा असतो, आणि मी रेटून रेटून त्याच्या अगदी तळाशी बसविला होता. माझा अंगठा खोटा नव्हता. त्याने मे महिन्याच्या दुपारचे खरे उत्तर दिले होते.

नवे दट्टे अण्णांनी आपल्या खर्चाने घातले. मला ते रागावले नाहीत. त्यांनी भिंतीवर एक तापमापक आणून टांगला. त्यानंतर आमच्याकडे उन्हाळ्यात पिनांचे काम पहाटे होऊ लागले. दट्टे आणि पिना आदल्या रात्री शहाबादी फरशीवर शेजारी शेजारी मांडून ठेवीत, म्हणजे दोघांच्या अंगी एकच थंडपणा येई. शेजारी याला देवधर्माचा प्रकार समजत.

दाबून बसविण्याच्या पिना आमच्या मेजावर आल्या तेव्हा अण्णा थकले होते. त्या बसविण्यास दांड्याचे धाकटे टोक तापवावे लागते, आणि किती तापले हे रंगावरून कळते. पोलादावर प्रथम गवती पिवळा रंग चढतो, मग तांबूस, जांभळा आणि शेवटी निळा. छिन्नीला पाणी देताना पाहावयाचे रंग हेच. अण्णांनी खुर्चीवर बसूनच दुरून रंग पाहावा आणि “आता” म्हणावे. पिवळ्याच्या पलीकडे त्यांनी कधी जाऊ दिले नाही. पिन एका दमात आत गेली पाहिजे. मध्येच थांबली तर थंड होऊन तेथेच धरते.

१९९० नंतर मोटारींच्या इंजिनांत एक नवाच दांडा येऊ लागला. पोलादाच्या भुकटीपासून किंवा विशिष्ट पोलादापासून तो अखंड घडवितात आणि मग त्याचे मोठे टोक मुद्दाम फोडून टोपी वेगळी करतात. फुटलेल्या दोन पृष्ठांचे खडबडीत दाणे एकमेकांत असे बसतात, की ती टोपी दुसऱ्या कोणत्याही दांड्याला लागतच नाही. अण्णांची तार आता कारखान्यानेच दांड्याच्या अंगात घातली, असे म्हणावयास हरकत नाही. विहिरीवरच्या मंदगती डिझेल इंजिनांत मात्र धाकट्या टोकी कांशाचे बुश आणि मोकळी पिन ही जोडी टिकून राहिली आहे. डिझेलचा दाब मोठा, आणि त्याखाली झिजावयाचे ते बुशाने झिजावे, दांड्याने नव्हे, हा हेतू. फॉस्फर ब्राँझ असे त्या धातूचे नाव सांगतात. तांबे, कथील आणि किंचित फॉस्फरस. आपल्या तांबट-कासार बंधूंना पहिली दोन नावे नव्याने सांगावयास नकोत.

मोजमाप करण्याची आंतरराष्ट्रीय उष्णता १९३१ साली २० अंश सेल्सिअस, म्हणजे ६८ अंश फॅरनहाइट, अशी ठरली. माझा नातू एका यंत्रकारखान्यात मापन विभागात आहे. तेथील खोली वर्षभर त्याच उष्णतेवर ठेवतात. गेल्या वर्षी तो अण्णांच्या हातचा जीपचा एक दट्ट्या आणि त्याची पिन घेऊन गेला. १९७३ च्या डिसेंबरात पहाटे बसविलेली ती जोडी इंजिन मोडीत निघाल्यावर मी जपून ठेवली होती. रात्रभर ती त्याने खोलीत ठेवली आणि सकाळी मोजली. न झिजलेल्या कडेच्या भागात बसाव चार दहा-हजारांश निघाला. दट्ट्या आणि पिन आता पुन्हा आमच्या मेजावर आहेत, तारेने बांधलेल्या चार दांड्यांशेजारी, आणि वरच्या खिळ्याला तो तापमापक टांगलेला आहे. त्याचा पारा मध्ये तुटला आहे, म्हणून तो दोन अंश जास्त दाखवितो.